कवळीवाल्या साक्षीदाराबाबत

प्रति,
मा. नोंद दुरुस्ती अधिकारी,
नागरी नोंदणी कार्यालय,
दुसरा मजला, खोली क्रमांक सात.

विषय : नाव व लिंग यांच्या दुरुस्त नोंदीस नव्याने देण्यात आलेली साक्ष (साक्षीदार : अर्जदाराची आई) अग्राह्य धरण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा स्वतःची साक्ष मागे घेण्याचा अर्ज, दिनांक ६ सप्टेंबर.
२) आपल्या कार्यालयाचे पत्र, दिनांक ११ सप्टेंबर.
३) अर्जदाराच्या आईची साक्ष, दिनांक २९ सप्टेंबर.

महोदय,

उपरोक्त विषयी अर्जदार आपल्या निदर्शनास आणू इच्छितो की,

१. अर्जदार वजनकाटे दुरुस्त करतो. किराणा दुकाने, भंगारवाले, सोनार, दवाखाने अशा सर्व ठिकाणी गेली सोळा वर्षे त्याचे जाणे-येणे आहे. अर्जदाराने काटा खरा म्हटला की तो खरा धरला जातो. हे फुशारकी म्हणून लिहिलेले नाही. अर्जदार खोटी साक्ष देणाऱ्यांतला नाही, एवढे आपल्या मनात ठसावे म्हणून लिहिले आहे. त्याने स्वतः दिलेली साक्ष मागे का घेतली, ते पुढे येईलच.

२. जिच्या नोंदीबाबत हा अर्ज आहे ती सदर व्यक्ती दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या डेंटल लॅबमध्ये कामाला होती. (तिला 'सदर व्यक्ती' म्हणावे असा काही जाणकारांचा सल्ला पडला. मजकुरात कुठे 'ती' आले असल्यास ती जुनी सवय समजावी.) लॅबमधला प्लास्टर तोलायचा काटा चार ग्रॅम खात होता, म्हणून अर्जदारास बोलावणे आले. काटा उघडून बसलेला असताना ती समोर मेणाच्या हिरडीवर एकेक दात बसवत होती. तो काटा अर्जदाराने त्यानंतर विनाकारण तीन वेळा तपासला.

दुसऱ्या महिन्यात बसथांब्यावर सदर व्यक्तीने सगळे स्वतःहून सांगितले. जन्मदाखल्यावरचे नाव सांगितले, शस्त्रक्रिया सांगितली, आणि म्हणाली, "बस येतेय. जायचं असेल तर जा, मी वाईट वाटून घेणार नाही." बस आली. अर्जदार बसमध्ये चढला नाही. ही बाब अर्जदाराने आजवर कुठेही उघड केलेली नाही व आपणही ती गोपनीय ठेवावी.

३. यथावकाश सदर व्यक्तीने आपल्या कार्यालयात नाव व लिंग दुरुस्तीचा अर्ज केला. आपल्या नियमाप्रमाणे अशा अर्जाला दोन वर्षांहून जास्त ओळख असलेला एक साक्षीदार लागतो. तिच्या घरच्यांनी केव्हाच हात झटकले होते. तेव्हा अर्जदाराने सही केली, अंगठा दिला आणि नात्याच्या रकान्यात 'होणारा नवरा' असे लिहिले. त्या दिवशी आपल्या कार्यालयातील बाईंनी शिक्का मारताना अर्जदाराचे अभिनंदन केले होते, हे अर्जदार नाकारत नाही.

४. अर्जदार 'मोकळं बोलू' नावाच्या ऑनलाइन ग्रुपचा सदस्य आहे. सदस्यसंख्या अर्जदार धरून दोनशे बारा. कुणाचाही चेहरा कुणी पाहिलेला नाही. जुलैमध्ये 'गणिताचे सर' या सदस्याने प्रश्न टाकला, की समोरची व्यक्ती ट्रान्स आहे असे कळले तर तुम्ही तिला डेट कराल का. चार दिवस नुसती धुमश्चक्री चालली. नमुन्यादाखल :

'रोखठोक' : "प्रेफरन्स आहे, गुन्हा नाही. मला नको तर नको."

'निळा पतंग' : "नको म्हण ना, कोण अडवतंय? पण नको म्हणताना तोंड कशाला वाकडं करतोस?"

'पायमोजे' (या बाईंनी आपण स्वतः ट्रान्स असल्याचे सांगितले होते) : "मला डेट करा म्हणून मी कुणाच्या दारात बसलेले नाही. ओळख असेल तर रस्त्यात ओळख दाखवा, एवढंच म्हणणं आहे."

शेवटच्या मजकुरावर 'रोखठोक' यांनी हसरा चेहरा लावला, म्हणून अर्जदारानेही लावला.

५. अर्जदारास असे वाटले की या लोकांकडे नुसती मते आहेत, आपल्याकडे अनुभव आहे. चारचौघांत भाव खाण्याचा मोह कुणाला होत नाही? अर्जदाराने लिहिले, "मी अडीच वर्षं अशा मुलीबरोबर आहे. लग्न करतोय." अर्जदाराने त्या ग्रुपमध्ये लिहिलेले हे एकमेव खरे वाक्य, आणि नेमके तेच अंगाशी आले.

त्यानंतर अर्जदार नक्की कोण, यावर मतदान घेण्यात आले. निकाल : गे ८१, बाय ४०, काहीतरी नवीन ६७, फसवला गेलेला २४. एकूण २१२. त्या चोविसांत एक मत अर्जदाराचे स्वतःचे होते.

मतदान चालू असताना अर्जदाराने सदर व्यक्तीलाही विचारले, की मग मी नक्की कोण? ती दातांच्या रंगांची पट्टी उजेडासमोर धरून कुणाच्या तरी दाताशी रंग जुळवत होती. मान वर न करता म्हणाली, "काटेवाला. आणि जेवायला उशीर करणारा." हे उत्तर मतदानाच्या पर्यायांत नव्हते, त्यामुळे अर्जदारास त्याचा काही उपयोग झाला नाही.

६. अर्जदाराने आपली फसवणूक झाली म्हटल्यावर पुरावा मागितला जाणारच. अर्जदाराने सदर व्यक्तीचे छायाचित्र, जुने नाव आणि लॅबचे नाव ग्रुपमध्ये टाकले. छायाचित्रात डाव्या कडेला अर्जदाराच्या आईचा खांदा येत होता, तो अर्जदाराने आधी कापून काढला. १३९ अंगठे मिळाले. अर्जदारास एवढे अंगठे आयुष्यात कधी मिळाले नव्हते.

'रोखठोक' यांनी त्याच दुपारी लॅबमध्ये फोन केला. लॅबच्या मालकांनी सदर व्यक्तीला प्रथम मागच्या खोलीत प्लास्टर कालवायला बसवले, कारण तिने केलेली वस्तू लोकांच्या तोंडात जाते आणि लोकांना ते कळले तर काय, असे त्यांचे म्हणणे. अकरा दिवसांनी त्यांनी तिला सांगितले की उद्यापासून येऊ नकोस. अर्जदाराने कुणालाही तिला कामावरून काढा असे सांगितलेले नाही, हे नमूद करणे आवश्यक आहे.

तिने भांडण केले नाही. एकच निरोप आला : "फोटो चांगला निवडलास. आईंना कवळी बसवली त्या दिवशीचा आहे." अर्जदाराने तो निरोपही पुरावा म्हणून ग्रुपमध्ये टाकला.

७. येथवर सर्व सुरळीत चालले होते. परंतु 'निळा पतंग' यांनी नाक खुपसले व विचारले, "कागद बदलायला ओळखीचा साक्षीदार लागतो ना? हिचा साक्षीदार कोण होता रे?" नोंदीची प्रत अर्ज केल्यास कुणालाही मिळते, असेही त्यांनीच सर्वांना सांगितले. दोनशे बारा जणांसमोर अर्जदाराची सही, अंगठा आणि 'होणारा नवरा' हे दोन शब्द उघडे पडण्याची वेळ आली. करिता अर्जदाराने संदर्भ १ अन्वये साक्ष मागे घेतली.

संदर्भ २ अन्वये आपण कळवले, की साक्ष गेल्यास दुरुस्त नोंद स्थगित होते. ६ ऑक्टोबरपर्यंत नवा साक्षीदार न आल्यास जुने नाव व जुने लिंग पूर्ववत होते. यास अर्जदाराची हरकत आहे काय? अर्जदाराने 'हरकत नाही' असे लिहून परतीच्या टपालाने कळवले. सदर व्यक्तीला दंत रुग्णालयाच्या लॅबमध्ये नवे काम मिळत असून ९ ऑक्टोबरला तिथे मूळ कागद दाखवायचे आहेत, हे अर्जदारास त्या वेळी ठाऊक नव्हते. नंतर आईच्या फोनवरच्या बोलण्यातून कळले. कळले असते तरी उत्तर तेच असते.

८. आता मूळ तक्रार. अर्जदाराची आई ग्रुपमध्ये नाही. तिच्याकडे बटणांचा फोन आहे. आपले पत्र घरी आले तेव्हा अर्जदार कामावर होता. तिने ते चष्मा लावून दोनदा वाचले. संध्याकाळी जेवायला वाढताना विचारले, "हे काय आहे रे?" अर्जदार म्हणाला, "किरकोळ आहे." त्या दिवसापासून ती अर्जदाराशी वाढण्यापुरतेच बोलते.

२८ तारखेला तिने ठेवणीतली साडी काढून ठेवलेली पाहून अर्जदाराने तिला स्पष्ट शब्दांत समजावले, की तुझ्या तोंडातले दात तिने केलेले आहेत, तुझी साक्ष कोण धरणार? आईने दुसऱ्या दिवशी सकाळी कवळी काढली, स्टीलच्या वाटीत पाण्यात ठेवली, वाटी अर्जदाराच्या ताटाशेजारी ठेवली आणि दोन बस बदलून बोळक्या तोंडाने आपल्या कार्यालयात आली. नात्याच्या रकान्यात तिने 'मुलगी' असे लिहिले आहे.

९. सदर साक्ष पुढील कारणांनी अग्राह्य ठरते :

(अ) साक्षीदाराने सदर व्यक्तीकडून वरची व खालची अशी संपूर्ण कवळी भेट म्हणून स्वीकारलेली आहे. साक्षीदार रोज दोन वेळा त्याच कवळीने जेवते. अशी साक्षीदार निःपक्षपाती कशी राहील? कवळी काढून साक्ष दिली, तरी आधी दीड वर्ष खाल्लेले काही परत जात नाही.

(आ) दात नसल्यामुळे साक्षीदाराचा उच्चार अस्पष्ट होता. आपल्या कार्यालयातील बाईंनी तिला जबाब तीन वेळा उच्चारायला लावला, व तिने तो तीनही वेळा उच्चारला. जो जबाब तीनदा ऐकावा लागतो तो संशयास्पद समजण्यात यावा.

(इ) सदर व्यक्ती खोट्याला खऱ्याचे रूप देण्यात तरबेज आहे. आईच्या तरुणपणीचा पुढचा एक दात किंचित वाकडा होता. सदर व्यक्तीने जुने छायाचित्र पाहून कवळीतही तो दात मुद्दाम तसाच वाकडा बसवला. त्या दिवशी आई आरशासमोर उभी राहून रडली आणि म्हणाली, "बाई गं, हे माझंच तोंड आहे." अर्जदारही त्या वेळी तिथे होता व त्याचेही डोळे भरून आले होते. यावरून सदर व्यक्ती माणसाला किती सहज गुंडाळते हे दिसून येते.

(ई) नात्याचा रकाना धडधडीत खोटा आहे. आपल्याच कार्यालयातील दप्तर काढून पाहावे. आईला एकच अपत्य आहे व ते म्हणजे अर्जदार.

१०. सबब आपणास विनंती, की आईची साक्ष तूर्त स्थगित ठेवून तिची सुनावणी ७ ऑक्टोबर किंवा त्यानंतरच्या कोणत्याही सोयीच्या दिवशी ठेवावी. दरम्यान ६ तारखेची मुदत संपून जुनी नोंद आपोआप पूर्ववत झाल्यास त्यात ना आपला दोष, ना अर्जदाराचा. अर्जदाराच्या मनात सदर व्यक्तीविषयी कसलाही आकस नाही. ग्रुपमध्ये अद्याप विचारणा चालू आहे, व अर्जदारास तिथे तोंड दाखवायचे आहे, एवढेच.

११. शेवटी एक किरकोळ अडचण. हरकतीच्या अर्जावरही अर्जदारास दोन वर्षांहून जास्त ओळखणाऱ्या एका साक्षीदाराची सही लागते, असे आपल्या खिडकीवर सांगण्यात आले. त्यावरून अर्जदाराने ग्रुपमध्ये आवाहन केले. चोपन्न अंगठे मिळाले. 'रोखठोक' यांनी लिहिले, "भावा, फुल सपोर्ट आहे. पण असल्या कागदावर आपण नाव देत नसतो. आणि तुझं खरं नाव काय?" ज्या दुकानदारांचे काटे अर्जदार सोळा वर्षे तपासतो आहे, त्यांपैकी तिघांना विचारले. एकाने हिशोबाच्या गडबडीत असल्याचे सांगितले, दुसऱ्याने कानावर हात ठेवले. तिसऱ्याने ते छायाचित्र पाहिलेले होते. तो म्हणाला, "काटा बघा आणि निघा."

सदर व्यक्ती अर्जदारास चांगले ओळखते, परंतु ती विरुद्ध पक्ष असल्याने तिला विचारता आले नाही.

निरुपाय होऊन अर्जदाराने काल सकाळी हा अर्ज आईसमोर ठेवला आणि फक्त साक्षीदाराच्या रकान्यावर बोट ठेवले. मजकूर वाचू नकोस, असेही सांगितले. तिने सगळा वाचला. मग वाटीतली कवळी घेतली, नळाखाली धुतली, तोंडात नीट बसवली आणि अगदी स्वच्छ उच्चारात म्हणाली, "ह्या माणसाला मी ओळखत नाही."

हा जबाब अर्जदारास एकदाच ऐकावा लागला.

तरी साक्षीदाराचा रकाना कोरा ठेवून हा अर्ज दाखल करून घ्यावा, ही विनंती.

उत्तराची वाट पाहणारा,
आपला नम्र,
(सही) अर्जदार
दिनांक : ५ ऑक्टोबर

सोबत :
१) मतदानाच्या निकालाची छापील प्रत.
२) सदर व्यक्तीचे छायाचित्र (खांदा वगळून).
३) कवळीचे छायाचित्र, स्टीलच्या वाटीसह.
४) 'हरकत नाही' या पत्राची पोच.

अर्जदारास दोन वर्षांहून अधिक काळ व्यक्तिशः ओळखणाऱ्या साक्षीदाराचे नाव, नाते व सही :