तेवीस किलोंची बॅग

तीर्थस्वरूप ताई,

साष्टांग नमस्कार (माझ्या गुडघ्यांना हल्ली तो कागदावरच जमतो). डोळ्याचं ऑपरेशन नीट झाल्याचं कळलं. आता माझं अक्षर वाचून ते पुन्हा बिघडवून घेऊ नका.

तर तुमची धाकटी बहीण, म्हणजे आमच्या मेट्रनबाई, येत्या शुक्रवारी परदेशी निघताहेत. दीड वर्ष, बिनपगारी, दूरच्या एका दवाखान्यात तिथल्या मुलींना बाळंतपणं करायला शिकवायला. (सेवानिवृत्ती झाली तेव्हा ‘सेवा’ तिने स्वतःकडे ठेवली, ‘निवृत्ती’ मला दिली.) सामान भरायचं काम मी हौसेने अंगावर घेतलं. विमानात तेवीस किलो चालतं. मी चार स्वेटर, दोन छत्र्या, इस्त्री आणि (दूरदृष्टी पाहा) नळ दुरुस्तीचा पाना असं सगळं कोंबलं. तिने ते बाहेर काढलं आणि स्वतःचं भरलं. मग वजनाची वेळ आली. बॅग काट्यावर ठेवली की आकडाच झाकला जातो, म्हणून मी ती उचलून काट्यावर उभा राहिलो आणि आलेल्या आकड्यातून माझं वजन, पंचाहत्तर, वजा केलं. बॅग भरली एकोणतीस! मी लगेच तिचे बाळटोप्यांचे गठ्ठे उपसायला लागलो, तर ती शांतपणे म्हणाली, “आता रिकाम्या हाताने उभे राहा.”

ताई, जिने जन्मभर बाळं तोलली तिच्यापुढे माझी काय डाळ शिजणार? काटा एक्याऐंशीवर थांबला, म्हणजे बॅग बरोबर तेवीसच. माझं सहा किलोंचं पितळ उघडं पडलं, आणि ती हसलीसुद्धा नाही. टोप्या तेवढ्या परत भरल्या. बॅगेत तिचे म्हणाल तर चार जोड कपडे. बाकी टोप्या, नाळेचे चिमटे आणि शिकवण्यासाठी स्वतः शिवलेली कापडी बाहुली. यात तुझं असं काय आहे, मी विचारलं. म्हणाली, “मी जातेय ना सगळी.”

मी उगाच बॅगेची चेन ओढून पाहत बसलो. इतकी वर्षं संसार केला, पण बाई केवढी आहे ते परवा बाथरूमच्या काट्यापाशी कळलं.

आपला,
तुमच्या बहिणीचा हमाल

ता.क. तुमची चाकांची मोठी बॅग महिनाअखेरीपर्यंत पाठवाल का?

आणखी ता.क. बॅग तिच्यासाठी नाही. त्या दवाखान्याला औषधांचं कोठार सांभाळायला माणूस हवा होता. मी गुपचूप अर्ज केला, काल होकार आला. तिला सांगायची हिंमत होत नाही. तुमचं ती ऐकते, तेव्हा तुम्हीच सांगा. फक्त मी घरात नसताना.