चांद्याच्या मंगल कार्यालयात सिम्फनी

मु. चांदे, ता. मुळशी

आदरणीय दाजी,

वाकून नमस्कार. (कमरेमुळं तो अर्ध्यातच थांबला, पण भाव पूर्ण वाकलेला आहे.) तुमची शुगर, अक्काचा गुडघा आणि सोसायटीतलं तुमचं पार्किंगचं भांडण, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. इकडं आम्ही खुशाल आहोत, फक्त गावात माझ्याशी आठवडाभर कुणी धड बोलत नव्हतं. त्याचं कारण फोनवर सांगायला जावं तर तुम्ही दुसऱ्याच मिनिटाला "बरं, ठेवतो" म्हणता. पत्र ठेवता येत नाही, वाचावंच लागतं.

आपलं मंगल कार्यालय तुम्हाला ठाऊक आहे. बांधताना ठेकेदार म्हणाला, छत उंच घ्या, शोभा येते. शोभा आली, आणि तिच्याबरोबर आवाजही घुमायला लागला. गुरुजींनी एकदा "सावधान" म्हटलं की ते तीनदा ऐकू येतं. गेल्या वैशाखात पाहुण्यांनी त्या घुमण्याच्या भरात सगळ्या अक्षता आधीच संपवल्या आणि खऱ्या वेळी नवरा-नवरीवर नुसते हात झटकले. तेव्हापासून गिऱ्हाईक महाळुंग्याकडं सरकलं. अशात पितृपक्षाच्या तोंडावर (त्या दिवसांत लग्न कोण लावतंय?) कौस्तुभराव नावाचे एक गृहस्थ आले. मानेपर्यंत पांढरे केस, अंगात काळा सदरा. हॉलच्या मधोमध उभं राहून त्यांनी एक टाळी वाजवली, डोळे मिटून ती विरेपर्यंत ऐकली आणि रुमाल काढून डोळे पुसले. म्हणाले, "दादासाहेब, असा हॉल व्हिएन्नातही मिळणार नाही." ज्या खोडीपायी आम्ही पंचक्रोशीत बदनाम झालो तिला कुणीतरी व्हिएन्ना म्हटल्यावर माझं काय होणार? त्यांच्या ऑर्केस्ट्राच्या रेकॉर्डिंगसाठी चार दिवस किल्ल्या दिल्या, आणि वर शब्द दिला की गावातून चकार आवाज येणार नाही. (आमची सौ. सुलक्षणा मागंच उभी होती. तिनं पदर खोचला. तेवढ्यावरून मी समजायला हवं होतं.)

ऑर्केस्ट्रा येणार म्हटल्यावर गाव इस्त्रीचे कपडे घालून हजर झालं. आपल्याकडं ऑर्केस्ट्रा म्हणजे रंगीत दिवे, झगमगीत साडीतली गायिका आणि पुढच्या रांगेतून फर्माईश. बसमधून उतरली ती साठ गंभीर माणसं, हातात व्हायोलिनं. त्यांतली निम्मी हिंजवडीत कॉम्प्युटरवर काम करणारी, रजा टाकून आलेली. दीडशे वर्षांपूर्वी कुणा जर्मन माणसानं प्रेमभंगातून लिहिलेली सिम्फनी वाजवणार होती. ती पाऊण तास चालते आणि मधे टाळ्या वाजवायच्या नसतात, हे कळल्यावर गाव घरी गेलं. मी मात्र बसलो. दाजी, साठ माणसं जीव तोडून वाजवतात आणि मधल्या पाटावर एक माणूस उभा असतो (इथं कौस्तुभराव), तो काहीच वाजवत नाही. पण चुकलं की तोच सगळ्यांना झापतो आणि चांगलं झालं की स्वतःच मान हलवतो. सहकारी दूध संस्थेत मी सतरा वर्षं काढली आहेत, मला हे ओळखू आलं.

पहिल्या दिवशी कावळ्यांनी घात केला. पितृपक्ष, प्रत्येक छपरावर पान ठेवलेलं, घरोघरी माणसं "काव काव" करून पितरांना बोलावताहेत, आणि मी दारोदार फिरून सांगतोय की जरा हळू बोलवा. दुसऱ्या दिवशी पिठाची गिरणी बंद करायला लावली. डंपरवाल्यांना कासारसाईकडून फिरून जायला सांगितलं. (त्यांनी हिंदीत काय उत्तर दिलं ते लिहीत नाही.) तरी कौस्तुभराव रेकॉर्डिंग ऐकून डोकं धरायचे. सिम्फनीच्या हळुवार भागात, जिथं व्हायोलिनं श्वास घेतल्यासारखी वाजतात, तिथं खाली एक आवाज येत होता. घूंऽऽऽ. "मोटार आहे कुठंतरी! शोधा!" ते ओरडले. मी फ्रीज बंद केले. पाण्याचा पंप बंद केला. तिसऱ्या दिवशी वायरमनच्या हातापाया पडून अर्ध्या गावाची वीज घालवली. घूं तसाच. गावात पीठ नाही, नळाला पाणी नाही, आणि ज्यांच्या घरी श्राद्धाचा स्वयंपाक होता ती मंडळी माझ्या दारात. सुलक्षणा म्हणाली, "जिवंत माणसांचीही सोय बघा, नाहीतर पुढच्या वर्षी तुमच्यासाठीच पान ठेवावं लागेल."

गर्दीच्या पुढं होत्या शेजारच्या साळूबाई, रिकामी कळशी कमरेवर. रागानं थेट हॉलमध्येच घुसल्या. आत वाजवणं चाललेलं. त्या दारात थबकल्या, दोन मिनिटं कान देऊन ऐकलं आणि मोठ्यानं म्हणाल्या, "आरं दादासायेब, कशापायी पाणी तोडलंस? त्यो मधला बाबाच घुमतुया की! पारव्यावानी!"

वाजवणं थांबलं. साळूबाईंचं वाक्य मात्र आपल्या हॉलच्या रिवाजाप्रमाणं तीनदा ऐकू आलं.

साठ माणसं एकदम आपापल्या बुटांकडं बघायला लागली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे सगळ्यांना ठाऊक होतं. आवाज मुद्रित करणारी शुभांगी नावाची मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "सर, पहिल्या दिवसापासून तुम्हीच आहात. सांगायचं कसं?" कौस्तुभराव लालबुंद झाले. "अशक्य. मी वाजवून घेत असताना दातही उघडत नाही." शुभांगीनं हेडफोन त्यांच्या कानावर ठेवला. ते ऐकत राहिले, आणि मग पाटाच्या कडेवर खाली बसले. दाजी, तीन दिवस मला त्या माणसाचा संताप आला होता, पण तेव्हा त्यांची दया आली. हळूच म्हणाले, "चाळीस वर्षं मी असंच करतोय? आणि एकानंही सांगितलं नाही?" साळूबाईच पुढं झाल्या. "त्यात रडायचं काय हाय? तोंडात पान्याचा घोट धरा. घुमाया यील का मंग? आन् त्यासाठी आधी नळाला पानी सोडा."

पंप सुरू झाला, सगळ्यांनी पाणी भरून घेतलं, मग अर्ध्या तासासाठी तो पुन्हा बंद केला, या वेळी गावाला विचारून. कौस्तुभराव गाल फुगवून पाटावर चढले. वाजवणाऱ्यांची पंचाईत अशी की त्यांच्याकडं बघितलं की हसू फुटणार. म्हणून साठच्या साठ जणांनी माना खाली घातल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा एकमेकांचं ऐकून वाजवलं. मी पायरीवर बसलो होतो, शेजारी साळूबाई, मागं गाव. तो हळुवार भाग संपला तेव्हा कुणी हललं नाही. साळूबाई म्हणाल्या, "कोन गेलं म्हनं त्याचं?" मी म्हटलं, लिहिणाऱ्यानं प्रेम केलं होतं, ते जमलं नाही. त्या म्हणाल्या, "कळतंय की." कौस्तुभरावांनी दारापर्यंत जाऊन पाणी थुंकलं आणि पाटाकडं परत गेले. शुभांगी म्हणाली, हाच टेक ठेवायचा.

असो. अक्काला नमस्कार, लहानांना आशीर्वाद. प्रकृतीला जपा.

तुमचा मेहुणा,
दादासाहेब

ता. क. आपल्या भाचीचं, अपेक्षाचं लग्न माघात आपल्याच हॉलमध्ये ठरलं आहे, त्याबद्दल एक सुचवायचं होतं. महाळुंग्याचे हॉल उत्तम आहेत. तिथं मंगलाष्टकाचा शब्द न् शब्द कळतो. विचार व्हावा.

ता. क. २ हॉल बदलायची अडचण असेल तर मुहूर्तच आठवडाभर पुढं ढकलता येईल का? त्याच दिवशी कौस्तुभराव दुसरी सिम्फनी करायला येताहेत. त्यांना तारीख बदला म्हणता आलं असतं, पण कलावंत माणूस, कुठं दुखवायचं!

ता. क. ३ तुमच्यापासून काय लपवायचं. भजनातला माझा हात बघून त्यांनी मला झांज दिली आहे. चाळीस मिनिटांत दोन ठोके. मुलीच्या पाठीशी मामा लागतो हे मला कळतं, पण मामा अपेक्षाला आणखी दोन आहेत. झांजेला मी एकटाच आहे.