कंबर बदलण्याची परवानगी

ती. दाजी यांस,

दुकानातल्या कापायच्या टेबलावरून साष्टांग नमस्कार. (टेबलावर सध्या कापड नाही, त्यामुळे लिहायला जागा भरपूर आहे. कापड का नाही ते पुढे येईलच.) तुमचा गुडघा कसा आहे? ताई म्हणाली की तुम्ही रोज सकाळी फिरायला जाता आणि कोपऱ्यावरच्या बाकापर्यंत जाऊन परत येता. डॉक्टरांनी तेवढंच सांगितलं असेल तर उत्तम, नसेल तरी मी ताईजवळ काही बोललेलो नाही. इकडे आम्ही ठीक आहोत. म्हणजे हिची तब्येत ठणठणीत आहे आणि आवाजही. माझं मात्र मध्यंतरी जेवणावरून मनच उडालं होतं, त्याचीच ही हकिगत. फोन केला असता, पण तुम्ही फोन स्पीकरवर टाकता, मग ताई ऐकते, आणि ताईने ऐकलं की भाचीला कळलंच. हे भाचीला अजिबात कळता कामा नये. म्हणून हे पत्र तुमच्या नव्या जाकिटाच्या आतल्या खिशात घालून पाठवतो आहे. (खिसा तुम्ही सांगितला तसाच डाव्या बाजूला आहे.)

तुम्हांला आठवत असेल, मागे मी तुमच्याकडे आलो होतो तेव्हा भाचीने माझ्या मापांच्या वह्या पाहिल्या आणि नाक मुरडलं. मग तुमच्याच कॉम्प्युटरवर बसून तिने एक फोल्डर उघडलं, सगळ्या गिऱ्हाइकांची मापं त्यातल्या फाइलमध्ये चढवली आणि ते माझ्या फोनवर आणून दिलं. कल्पना खरोखर चांगली होती. मी कापड इथे कापतो, शिवायला ते कारागिरांच्या घरी जातं, आणि बाहीचं माप विचारायला दिवसभर त्यांचे फोन येतात. आता त्यांना सगळं घरबसल्या दिसू लागलं. परवानग्या तीन प्रकारच्या असतात हेही तिने समजावलं. पहिल्या परवानगीत माणूस नुसतं बघतो, म्हणजे काचेबाहेर उभा राहून कोट न्याहाळणारा. दुसरीत शेरा मारतो, म्हणजे आरशासमोर उभा राहून इथे जरा सैल वाटतंय म्हणणारा. तिसरीत फेरफार करतो, म्हणजे ज्याच्या हातात आपण आपली कात्री दिली तो. ही उदाहरणं माझी, पण तिला पसंत पडली. निघताना तिने बजावलं होतं, मामा, बाहेरच्या कुणाला द्यायचं झालं तर फक्त बघायला द्या. मी म्हटलं, अगं, मी काय लहान आहे का?

त्यानंतर निवृत्त लोकांच्या गानमंडळाची कोटांची ऑर्डर आली. एवढं मोठं काम आपल्या दुकानात कधी आलं नव्हतं. मंडळ चालवतात ते निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना सगळे हेडसर म्हणतात आणि ते सगळ्यांना विद्यार्थी समजतात. मापं मी स्वतः घेतली. तुम्हांला माझी पद्धत माहीत आहे. फीत कमरेला लागली की भला माणूसही श्वास ओढून पोट पाठीला नेतो, म्हणून मी फीत लावतो आणि घरची चौकशी सुरू करतो. सुनेचा विषय काढला की माणूस भडाभडा बोलतो, श्वास सुटतो, पोट आपल्या जागी येतं, आणि मी आकडा टिपून घेतो. तर असे हे खरे, कष्टाने मिळवलेले आकडे, आणि या वेळी वहीत न लिहिता थेट फाइलमध्ये चढवलेले. पण पुढे मंडळींचे फोन सुरू झाले की आमची मापं आम्हांला बघायची आहेत. मी वैतागून हेडसरांना लिंक पाठवली आणि त्यांनी ती सगळ्यांना वाटली. पाठवताना फोनने विचारलं होतं, यांना फक्त पाहता यावं की फेरफारही करता यावा? आता गिऱ्हाइकाला फक्त बघा म्हणायचं मला उद्धटपणाचं वाटलं. आलेल्या माणसाला आपण खुर्ची देतो, नुसतं उभं राहा म्हणत नाही. मी फेरफार दिला.

दाजी, माणसं वयाने वाढतात, अकलेने वाढतात असं नाही. एकाने आपली कंबर दोन इंचांनी आवळली. ते शेजारच्या रकान्यात दिसल्यावर दुसऱ्याने चार इंचांनी आवळली. खर्जात गाणारे एक काडीपैलवान आहेत, त्यांनी छाती वाढवून घेतली. एका सद्गृहस्थाने तर पोटाचा रकानाच काढून टाकला, त्यामुळे आख्ख्या मंडळात कुणाला पोटच उरलं नाही. मला यातलं काही ठाऊक नाही. मी फाइल बघतोय, कापतोय, पाठवतोय. (फाइलमध्ये आकडे बदलायला सुरुवात कुणी केली ते मला नंतर समजलं, पण ते नाव इथे लिहीत नाही. माणूस प्रतिष्ठित आहे.)

पहिल्या रांगेचे कोट तयार झाले आणि मंडळी घालून बघायला आली. एकाचंही बटण लागेना. हेडसरांना आपला कोट कसाबसा चढला, म्हणून त्यांनी गाणं सुरू करायची खूण देऊन बघितली. दोन्ही हात वर केले आणि पाठीची शिवण मानेपासून खालपर्यंत उसवली. कुणी हसलं नाही. हसले असते तर परवडलं असतं. हेडसर माझ्या खांद्यावर हात ठेवून अगदी प्रेमाने म्हणाले, मास्तर, वय झालं की व्हायचंच हे, एकदा डोळे दाखवून घ्या.

ते मला फार लागलं. ओरडले असते तर मीही ओरडलो असतो. उरलेले कोट समोरच्या तयार कपड्यांच्या दुकानातून घेऊ, असंही ते जाता जाता म्हणाले. घरी येऊन मी सुईत दोरा ओवून बघितला. ओवला गेला. तरी पुन्हा पुन्हा ओवत बसलो. या हातांवरच आजवर सगळं चाललं, तेच गेले तर मी करणार काय, या विचाराने घास उतरेना. दुकान बंद करावं असंही मनात आलं. हिने तेव्हा तोंडातून चकार शब्द काढला नाही, यावरून प्रसंग किती गंभीर होता ते ओळखा.

दुसऱ्या दिवशी हिनेच माझा फोन घेतला आणि फाइलच्या कडेला हे घड्याळ कसलं आहे म्हणून त्यावर बोट ठेवलं. आणि काय सांगू! कुणी, कधी, कुठला आकडा खोडून कुठला लिहिला, सगळं नावानिशी बाहेर आलं. खाली माझे आकडे जसेच्या तसे. एकही चुकलेला नव्हता. मला रडू आलं, हे तुम्हांला सांगायला हरकत नाही. हिने रडू दिलं आणि मग म्हणाली, आता आधी या सगळ्यांना बाहेर काढा.

इथे माझ्या कानात वारं शिरलं. मी आधी लिंक बंद केली. मग यादी उघडून एकेकाला हाकलायला लागलो. रागाच्या भरात कारागीर गेले. (त्यांचे फोन पुन्हा सुरू झाले आहेत.) क्षमा असावी, मी तुम्हांलाही काढायला गेलो होतो, पण तुमच्यापुढे मालक असं लिहिलेलं होतं आणि तुम्ही हलेनात. शेवटी राहिला एक अनोळखी टगा. कुरळे केस, वर केलेली कॉलर, डोळ्यांत मस्ती. हा उपटसुंभ आमच्या फोल्डरमध्ये घुसला कसा, असं म्हणून त्यालाही काढला. त्याबरोबर फाइल मिटली आणि पाटी आली की तुम्हांला परवानगी नाही, मालकाकडे विनंती करा. ही माझ्या खांद्यावरून बघत होती. म्हणाली, अहो, तो टगा तुम्हीच! दाजी, खातं उघडताना फोटो मागितला, तेव्हा मीच माझा तरुणपणीचा फोटो शोधून लावला होता. आताचा का लावला नाही, हे ती अजून विचारते आहे.

हेडसरांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, असेल, पण दाखवा. काय दाखवणार? नव्याने मापं घ्यावीत तर आता सगळे सावध झाले आहेत, सुनेचा विषय काढला तरी श्वास सोडत नाहीत. कार्यक्रम येत्या रविवारी आहे. असो, चालायचंच. हे सगळं केवळ मन मोकळं करायला लिहिलं, तुम्ही काळजी करू नये. ताईस नमस्कार, भाचीस आशीर्वाद (कारण न सांगता).

तुमचा मेहुणा

ता. क. तुमच्या मेलमध्ये परवानगी मागणारी पत्रं आली असतील. कुणीतरी शिंपी बनून फसवतोय आणि मी सगळी उडवतो, असं तुम्ही परवा हिला अभिमानाने सांगितलंत. तो शिंपी मीच आहे. फोल्डर तुमच्या नावावर आहे. कृपा करून एक पत्र उघडा, परवानगी द्या म्हणून जिथे लिहिलं असेल तिथे दाबा, आणि द्यायची ती फेरफाराची द्या, नुसती बघायची नको. जुने आकडे परत आणायचे आहेत आणि हेडसरांना ते घड्याळही दाखवायचं आहे.

ता. क. दुसरा. घड्याळ उघडलं की पहिला फेरफार तुमचा दिसेल. तुमचीच कंबर, दाजी, आणि तीही फाइल तयार झाली त्याच दिवशी. परवानगी मिळाली की तुमच्या रकान्यात तुम्ही म्हणाल तो आकडा लिहीन. कापताना मात्र माझाच धरीन. ही गोष्ट आपल्या दोघांतच राहू द्या.

ता. क. तिसरा. हे जाकीट फाइल बंद झाल्यावर कापलं आहे. तुमच्याशी गुडघ्याबद्दल बोलताना फीत लावली होती, तेव्हाचा आकडा डोक्यात होता, त्यावरून. शिवणीत नेहमीपेक्षा जास्त माया, म्हणजे मागाहून सैल करायला ठेवतात ते जादा कापड, सोडलेली नाही, म्हणजे चुकलं असेल तर लपणार नाही. घालून बघा, सगळी बटणं लावा आणि खुर्चीत बसा. बसल्यावरही नीट राहिलं तर लगेच फोन करा. तो फोन खुशाल स्पीकरवर टाका.