ताईने ताईला परत पाठवलं

४ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्याकडून निघालो तो थेट कामावर. एका इमारतीची लिफ्ट मधेच अडकली होती आणि आत एक वकीलसाहेब घामाघूम. बाहेर काढलं, तर उशीर का केला म्हणून माझ्यावरच खेकसले. तू असतीस तर त्यांना चार शब्द सुनावले असतेस.

पण खरं सांगू? दोन दिवसांत तू मला एकदाही सुनावलं नाहीस, त्याचीच धास्ती बसली आहे. माझ्या सुटलेल्या पोटावरही टोमणा नाही! गच्चीवरचं लॅव्हेंडर पाण्यावाचून करपलेलं. तुझ्या झाडपाल्याच्या दुकानात गिऱ्हाईक हाका मारत होतं आणि तू आत बसून नुसती ऐकत होतीस. तुझी भावजय म्हणते, हा थकवा नाही, डॉक्टरला दाखवा. मलाही तेच वाटतं. रागाव, पण मनावर घे.

लोभ आहे तेवढाच ठेव, रागाच्या भरात कमी करू नकोस.

तुझा,
ढब्बू

११ ऑक्टोबर

चि. ढब्बूस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून नाकाला मिरच्या झोंबल्या. उदास माणसाला काय द्यावं हे आता लिफ्टचे स्क्रू पिळणारा मला शिकवणार! सकाळी सेंट जॉन्स वर्टच्या पिवळ्या फुलांचा काढा घेते, रात्री कॅमोमाइल, उशीवर लॅव्हेंडरचं तेल. फरक पडेना म्हणून काढा दाट केला. पडेल फरक. झाडपाला म्हणजे काही तुझी लिफ्ट नाही, बटण दाबलं की वर.

आणि डॉक्टरच्या दारात मला कुणी पाहिलं तर? मनाला उभारी देणारी पानंफुलं विकणारी बाई स्वतः गोळ्या खाते म्हटल्यावर दुकानाला कुलूपच. दुकान गेलं तर मी कोण उरते, सांग. काल एक मुलगी लॅव्हेंडर मागायला आली. बरणी हातात घेतली आणि मला रडूच आवरेना. शेवटी तिनेच बिचारीने बरणी जागेवर ठेवली. एवढंच झालं. धावत येऊ नकोस.

भावजयीवरचा राग लवकर उतरेल, तुझ्यावरचा सावकाश. तोवर माया आहे असं धरून चाल.

तुझी ताई

१५ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा झाडपाला खोटा आहे असं मी कुठे म्हणतोय? माझी झोप उडाली होती तेव्हा तुझ्याच कॅमोमाइलने मला सावरलं. पण तुझ्या दुकानाचा नियम मला पाठ आहे. उदास वाटतं म्हणून कुणी आलं, की पुडी बांधण्याआधी तू दोन प्रश्न विचारतेस. दुसरं कुठलं औषध चालू आहे का? आणि जगणं नकोसं वाटतं का? दुसऱ्या प्रश्नाला जो हो म्हणेल त्याला तू काही विकत नाहीस, सरळ डॉक्टरकडे पिटाळतेस. एका गृहस्थांना तर हाताला धरून घेऊन गेली होतीस.

आता काउंटरच्या बाहेर उभी राहा आणि स्वतःला विचार. माझ्याशी खोटं बोललीस तर मला कळणार नाही, पण तुला कळेल. पत्रापाठोपाठ मी निघतोच आहे. दार उघड नाहीतर नको उघडूस, मी पायरीवर बसेन.

शिव्या घालायच्या तर समोर घाल, लोभ मात्र सोडू नकोस.

ढब्बू

६ नोव्हेंबर

चि. ढब्बूस अनेक आशीर्वाद, आणि पाठीत एक धपाटा.

तुझं घोरणं गेल्यापासून घर फारच शांत आहे. तू आलास तेव्हा मी चपला घालून तयार कशी, ते आता सांगते. तुझं पत्र वाचून मी खरंच काउंटरच्या बाहेर जाऊन उभी राहिले, वेड्यासारखी. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हो होतं. बरेच दिवस होतं. म्हणून काउंटरबाहेरच्या त्या बाईला मी पुडी दिली नाही, सरळ डॉक्टरकडे पिटाळलं.

तू दवाखान्याबाहेर बाकावर बसलास तेव्हा आत काय झालं तेही ऐक. मी भांडायच्या तयारीनेच गेले होते. सगळ्या बरण्या डॉक्टरबाईंच्या टेबलावर मांडल्या. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, सौम्य उदासीत पिवळ्या फुलांनी काहींना बरं वाटतं, पण माझं दुखणं त्याच्या पुढे गेलंय, आणि त्या देणार असलेल्या गोळ्यांबरोबर तो काढा घेणं धोक्याचं. आधी काढा बंद, मग त्या सांगतील तेव्हा गोळ्या. उशीवरचं तेल राहू दे म्हणाल्या.

आता गोळ्या सुरू झाल्यात. शेजारच्या शिंप्याने पाकीट लपवून ठेवायचा सल्ला दिला. मी ते मुद्दाम तराजूशेजारी ठेवलं. काल आपल्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाई आल्या आणि भर गर्दीत म्हणाल्या, की स्वतःच्या मालावर भरवसा नसेल तर विकता कशाला, लाज नाही वाटत?  मी सांगून टाकलं, की लाज वाटत होती तोवर मी मरणाला टेकले होते. आता मला जगायचं आहे आणि त्यासाठी पान, फूल, गोळी, लागेल ते घेईन, कुणाची परवानगी न काढता. बाई तणतणत गेल्या. त्यांच्यामागून आणखी दोघी गेल्या. जाऊ देत.

गोळीने काही जादू केलेली नाही, मन अजून जडच आहे. पण मला जगायचं आहे, हे मी बाईंना चिडून म्हणाले आणि म्हणता म्हणता कळलं की ते खरं आहे.

माया वाढव, काळजी थोडी कमी कर.

तुझी ताई