टॅक म्हणजे खिळा की टाका

३ मार्च, सोमवार. सकाळी ७
आजपासून रोजनिशी. निवृत्तीला पाच महिने झाले. पत्रव्यवहार विभागात चौतीस वर्षं काढली, शेवटची बारा मुख्य लिपिक म्हणून. माझ्या सहीशिवाय कागद हलत नसे. आता घरात मला न विचारता पंखासुद्धा बंद होतो.

संध्याकाळी ६
लेक येऊन गेली. तलावावरच्या सेलिंग क्लबात ती शिडाच्या बोटी चालवायला शिकवते, क्लबच्याच खोलीत राहते. तीन वर्षं टेंपररी आहे. आता कमिटीने सांगितलंय की नवशिक्यांचं इंग्रजी हँडबुक तिने मराठीत करून द्यावं, पहिली बॅच नीट पार पाडावी, की एप्रिलअखेर पर्मनंट. तिचा दिवस सगळा पाण्यावर जातो, म्हणून विचारत होती की बाबा, थोडी मदत कराल का, कच्चं भाषांतर तुम्ही करा, बोटीच्या अंगाने मी तपासून घेते.
मदत! काय एकेक शब्द वापरतात ही पोरं. असो. पोरीची नोकरी आता माझ्या हातात आहे, म्हणजे तिची काळजी मिटली.
निश्चय: रोज पाच पानं. पुस्तक चाळीस पानांचं. आठ दिवसांत हातावेगळं.

५ मार्च
काल टेबल खिडकीशी हलवलं. आज उजेड डोळ्यांवर येतो म्हणून परत भिंतीशी. पानं शून्य, पण शीर्षक झालं: ‘शिडनौका-संचालन मार्गदर्शिका’. हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, एवढं वाचून होईपर्यंत बोट पलीकडच्या काठाला लागेल. हिला भाषेचं अंग नाही.

९ मार्च, रविवार
पानं दोन. ‘शीट’ या शब्दापाशी थोडा अडलो. शब्दकोश म्हणतो चादर. लिहून टाकलं: ‘वारा वाढल्यास चादर सैल सोडावी.’ बोटीत चादर कशाला, असं क्षणभर वाटलं. पण पाण्यावर गार लागतंच की.

१२ मार्च
‘टॅक’. हा शब्द पानोपानी आहे. मोजला, सत्त्याहत्तर वेळा. (मोजण्यात सकाळ गेली. भाषांतर म्हणजे नुसतं लिहिणं नव्हे.) शब्दकोशात चार अर्थ. एक, चपट्या डोक्याचा लहान खिळा. दोन, शिवणातला लांब कच्चा टाका. तीन, घोड्याचं खोगीर-लगाम. चौथा पुढच्या पानावर आहे आणि ते पान चिकटलंय. मागे मीच कधीतरी पाठपुठ्ठा चिकटवताना डिंक सांडला होता.
घोडा बाद केला. तलावात घोडा कुठून येणार? एवढा विवेक भाषांतरकाराला लागतोच.

१३ मार्च
तज्ज्ञांकडे गेलो. कोपऱ्यावरचा सोफेवाला खुर्चीला कापड ठोकत होता. तोंडात आठ-दहा खिळे. त्यातूनच म्हणाला, टॅक म्हणजे खिळा, हा काय, तीस वर्षं तोंडात धरतोय. बोटीत मारतात का विचारलं. लाकूड असेल तर कुठेही मारतात म्हणाला.
घरी येऊन हिला विचारलं. ही मशीनवर होती, शेजारणीची पँट आखूड करत. म्हणाली, अहो टॅक म्हणजे टाका, कच्चा. आधी लांब लांब टाके घालून टाचून घ्यायचं, मग मशीन मारायची. शीड कापडाचंच असतं ना? मग कापडाला खिळे मारतात का कधी?
दोघांचंही पटलं. मला सगळ्यांचंच पटतं. विभागात म्हणूनच तर माझं कुणाशी वाकडं नव्हतं.

१६ मार्च, रविवार
लेक जेवायला होती. मी विषयही काढला नाही, तरी तिने चमचा उचलला आणि टेबलावर नागमोडी फिरवायला लागली. म्हणे, वारा समोरून असला की बोट सरळ त्याच्या तोंडावर जाऊच शकत नाही. थोडं या अंगाने जायचं, मग नाक वळवून थोडं त्या अंगाने. तो वळवण्याचा प्रकार म्हणजे टॅक. बाबा, सगळ्या पुस्तकाचा जीव त्यात आहे, म्हणाली. मी मान डोलावली. चमच्याची आमटी टेबलक्लॉथवर सांडली, ते हिने बघितलं आणि पुढचं ऐकू आलं नाही.
पानं दाखवा म्हणाली. अर्धवट काम मी दाखवत नाही, तत्त्व आहे. टॅकबद्दल दोन तज्ज्ञांचं मत घेतलंय एवढं सांगितलं. खूश झाली बिचारी.
टीप: चमच्याचा मुद्दा वेगळा आहे. ती वळण्याबद्दल बोलत होती. वळण्याला आपल्याकडे ‘वळणे’ असा चांगला शब्द आहे. त्यासाठी इंग्रजांनी टॅक कशाला म्हटलं असतं?

२४ मार्च
तोडगा निघाला! पुस्तकात टॅक दोन प्रकारचा आहे, डाव्या बाजूचा आणि उजव्या बाजूचा. डावा तो टाका, उजवा तो खिळा. सोफेवालाही खूश, हीही खूश. पान नऊ उतरवून ठेवतो, पुढेमागे कुणाला उपयोगी पडेल:
‘वारा समोरून आल्यास न घाबरता उजवीकडे खिळा मारावा. थोडे पुढे जाऊन डावीकडे टाका घालावा. असे आलटून पालटून करीत इच्छित स्थळी पोहोचावे.’
अंगावर काटा आला. पुढे नियम आहे: ‘टाका घालणाऱ्या बोटीने खिळा मारणाऱ्या बोटीस वाट द्यावी.’ हिने नाक मुरडलं. म्हणे बोटीतसुद्धा शिवणारणीनेच बाजूला व्हायचं का. मी म्हणालो, नियम आंतरराष्ट्रीय आहे.

२ एप्रिल
परवा छपाईला द्यायचंय. एकोणीस पानं बाकी. पाठ धरलीय, शिवाय मध्ये चार दिवस सर्दी होती. (दोन दिवस. पण चार वाटले.) लेकीचा फोन, उद्या रात्री येते, बसून सगळं तपासते. म्हटलं, ये.

३ एप्रिल
तिला कळवलं, येऊ नको, ही जरा बरी नाही. ही समोर भरतकाम करत बसली होती. माझ्याकडे बघतच राहिली.
एकोणीस पानं एका दिवसात! बऱ्याच ठिकाणी ‘वरीलप्रमाणे’ चाललं.

४ एप्रिल, शुक्रवार
सकाळच्या बसने स्वतः क्लबवर गेलो. लेक पाण्यावर होती, ते बरंच झालं, उगाच तिच्या कामात व्यत्यय. हस्तलिखित सचिवांच्या टेबलावर ठेवलं. चांगला माणूस. चहा मागवला. हे तुम्ही केलंत का, म्हणाले. म्हटलं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत. मॅडमनी पाहिलंय ना? म्हटलं, शब्दन् शब्द. आता तिने पाहिलं असतं तर शब्दन् शब्दच पाहिलं असतं, तेव्हा यात खोटं काही नाही.
रात्री लेकीचा फोन. तिला एवढंच कळलं होतं की हस्तलिखित ऑफिसात पोहोचून प्रेसला गेलं. बाबा, मी एकदा बघणार होते हो, म्हणाली. म्हटलं, तू निर्धास्त राहा. मग थँक्यू म्हणाली.

१४ एप्रिल
छापून आलं. प्रती थेट शिकाऊ मंडळींच्या घरी टपालाने गेल्या, एक मी मागून घेतली. कव्हरवर भाषांतरकाराचं नावच नाही! संस्थेचा नियम म्हणे. हा अन्याय आहे. उद्या तक्रारअर्ज, तीन प्रतींत. लेक बोटींच्या शर्यतीसाठी बाहेरगावी गेलीय, नाहीतर तिलाच बोलायला लावलं असतं.

२० एप्रिल, रविवार. दुपारी ३
आल्या आल्या लिहायला बसलो.
पहिल्या बॅचचा पहिला दिवस. लेक काल रात्री उशिरा परतलेली, तिच्या हातात पुस्तक पडलेलंच नव्हतं. मी इस्त्रीचा शर्ट घालून धक्क्यावर हजर. बारा शिकाऊ आले. बाराही जणांच्या काखेत घडी घातलेली चादर, हातात हातोडी, खिशात खिळे आणि सुई-दोरा. एका बाईंनी फुलाफुलांची डबल बेडची आणली होती, वर उशी. माझा ऊर भरून आला. लोकांनी पुस्तक वाचलं होतं!
लेक लाइफ जॅकेट मोजत होती, तेवढ्यात एक निवृत्त हेडमास्तर लाकडी बोटीत जाऊन बसले आणि दोर सोडून निघाले. वारा समोरून आला. मास्तरांनी पान नऊ उघडलं आणि न घाबरता उजवीकडे खिळा मारला. एकाने भागेना म्हणून तीन मारले. फळी जुनी, फुटली. पाणी आत आलं. पुढे काय म्हणून त्यांनी पुन्हा पुस्तक पाहिलं आणि घोटाभर पाण्यात बसून शिडाला डावीकडे टाके घालायला लागले. लेक ओरडत होती, मास्तर, उतरा! मास्तर म्हणाले, थांबा, छापील आहे.
बोट कंबरभर पाण्यात बसली. लेकीने उडी मारून मास्तरांना बाहेर ओढलं. ठीक आहेत, फक्त चादर गेली. मग तिने त्यांच्या हातातलं पुस्तक घेतलं आणि तिथेच पाण्यात उभी राहून पान नऊ वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी तलावाकडे पाहिलं.
आवाज चढवला नाही तिने. सगळ्यांना सांगितलं की शीट म्हणजे शिडाची दोरी, चादरी घरी न्या. मला म्हणाली, बाबा, घरी जा, ऊन आहे.

२१ एप्रिल
शांतपणे विचार केला. मूळ इंग्रजीच सदोष आहे. एका शब्दाला चार-चार अर्थ ठेवायचे आणि दोष भाषांतराला! शिवाय फळी कुजकी होती. शिवाय मास्तरांना कुणी तीन मारायला सांगितले होते?
कव्हरवर नाव नाही, हे एका अर्थी बरंच झालं. तक्रारअर्ज तूर्त थांबवला.
संध्याकाळी ही म्हणाली, पोरीची तीन वर्षं आहेत हो त्यात. माहीत आहे मला! मला काय काळजी नाही?
शुक्रवारी कमिटी बसतेय, लेकीला बोलावलंय. निश्चय: जाणार आणि भरसभेत सांगणार की भाषांतर माझं. भाषण तयार आहे, चार पानी. त्यातली तीन शब्दकोशाच्या दर्जावर.

२५ एप्रिल, शुक्रवार. संध्याकाळी ७
कमिटी झाली. मी मागच्या रांगेत होतो, भाषण खिशात. सचिवांनी लेकीला विचारलं, हे भाषांतर कुणी केलं? ती म्हणाली, मी. नक्की? नक्की, मीच. मग माझ्याकडे बघत सचिवांनी तिसऱ्यांदा विचारलं, हे भाषांतर कुणी केलं?
मी उठणारच होतो. अगदी उठलोच होतो म्हटलं तरी चालेल. पण नेमका चष्मा खाली पडला. तिथे खुर्च्या फार जवळजवळ मांडतात. वाकून शोधून वर येईस्तोवर पुढचा विषय सुरू झाला होता, पार्किंगचा.
बाहेर आल्यावर तिला म्हटलं, अगं, असं का सांगितलंस? म्हणाली, बाबा, तुम्हाला कुणी हसलेलं मला सहन झालं नसतं. गुणी पोर आहे.
निश्चय: उद्या दहाला सचिवांना गाठून सगळं खरं सांगायचं. उद्या म्हणजे उद्याच.

२६ एप्रिल, शनिवार. सकाळी ११.३०
गेलो. सांगितलं, भाषांतर माझं आहे.
सचिव म्हणाले, माहीत आहे, तुम्हीच आणून ठेवलंत ना माझ्या टेबलावर. कमिटीतल्या सातही जणांना माहीत होतं. बोट दुरुस्त होते, पुस्तक परत छापता येतं, त्याचं एवढं काही नव्हतं. पर्मनंटची ऑर्डर सही होऊन तयार होती. पण जी बाई सगळ्यांसमोर दोनदा खोटं बोलते, तिच्या भरवशावर माणसं पाण्यात कशी सोडायची, असं कमिटीचं मत पडलं. ऑर्डर फाडली. टेंपररीही आता नाही. महिनाअखेर खोली रिकामी करायला सांगितलीय.
मी म्हणालो, अहो, ती माझ्यासाठी खोटं बोलली. ते म्हणाले, तेही कळत होतं, म्हणून तर तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा तिला नव्हतं विचारलं, तुम्हाला विचारलं होतं.