दोन यंत्रांचं एकमत

डोक्कुम, सोमवार

तीर्थस्वरूप लुबर्ट भावोजींना डाऊवेचा नमस्कार.

तब्येत बरी असेलच. तायडीचा गुडघा कसा आहे? तिला एवढ्यात सायकल चालवू देऊ नका (ऐकणार नाही, तरी सांगून बघा). मी ठणठणीत आहे, फक्त अंगाचा तिळपापड झालाय, आणि त्याला कारण तुम्ही.

कालवे-पंप सांभाळणाऱ्या आमच्या जलमंडळात शेतकऱ्यांना उत्तरं देणारं एआय यंत्र मी उभं केलं, तेही फुकट मिळणारे, कुणालाही उघडून बघता येणारे सुटे भाग जोडून, हे तुम्हाला ठाऊक होतं. तरी तुमच्या कंपनीच्या एआय यंत्राचा तयार, बंद डबा विकायला माणूस धाडलात! "सगळं एकाच ठिकाणी, डोक्याला ताप नाही," म्हणे. आत काय आहे विचारलं, तर नुसता हसला. घरातलेच असून माझं यंत्र अडगळीत टाकायला निघालात की हो!

सभा बसली. आमच्याकडे एकालाही नाराज करून काही ठरत नाही, तुम्ही जाणताच. कॉफीवर कॉफी झाली. शेवटी कुणाचं मन मोडू नये म्हणून दोन्ही यंत्रं ठेवली, आणि दोघांचं एकमत झाल्याशिवाय उत्तर बाहेर जायचं नाही असा नियम केला. (हात मीही वर केला. एकटाच नाही कसा म्हणू?)

पहिलाच प्रश्न च्यालिंग गवळ्याचा : कुरणात पाणी भरतंय, पंप लावून कालव्यात सोडू का? माझं यंत्र म्हणालं, सोड. तुमचं म्हणालं, थांब. मग दोघं एकमेकांचं म्हणणं अत्यंत आदराने ऐकून घेत बसली. दुपारी च्यालिंग चिखलाच्या बुटांनिशी कचेरीत शिरला. "डाऊव्या, तुमची यंत्रं चर्चा करतायत आणि माझ्या गाई पोहतायत! शिव्या कुणाला घालू ते तरी सांग!" आम्ही त्यालाही कॉफी ओतली.

उद्या पुन्हा सभा आहे. माझं यंत्र काढलं तर मी राजीनामा देणार. तुमच्या डब्याला माझा जन्मभर विरोध राहील.

आपला (संतापलेला)
डाऊवे

ता. क. : सभा झाली. तुमचा डबा गेला! सगळे माझ्या बाजूने. टाळ्यासुद्धा वाजल्या.

ता. क. दुसरा : मग च्यालिंगने विचारलं, रविवारी यंत्र बिघडलं तर कुणाला धरायचं? त्यावरही लगेच एकमत झालं. माझा नंबर प्रत्येक पंपघराच्या दारावर रंगवलाय. सकाळपासून फोन खाली ठेवलेला नाही, आणि निम्मे लोक तर नंबर लागतो का, एवढंच बघायला शिव्या देतायत. भावोजी, तायडीला कळू न देता एवढं सांगा, तुमच्या डब्याबरोबर शिव्या खाणारा माणूसही येतो का?