निळ्या डब्यातली मुळी

धाकट्या,

गॅसवरचा काढा आईला देऊ नकोस, मोरीत ओतून टाक. काल संध्याकाळी तिने त्यातला एक कप घेतलाय. आता शांत झोपली आहे, तरी उठव आणि लगेच डॉक्टरांकडे ने. निळ्या डब्यातली एक मुळी खिशात घे, त्यांना दाखव. ताईचं चुकलं म्हणून सांग, आडपडदा ठेवू नकोस.

आज मुळीचा तुकडा जिभेवर ठेवला, तर कडूपणाचा पत्ता नाही, जीभ मात्र बधिर झाली. बाबांचा नेम तुला माहीत आहे: खणणाऱ्याने आधी स्वतः चाखायचं, मगच घरात आणायचं. सर्दीने माझ्या तोंडाला चव नव्हती, म्हणून मी तो मोडला. ओढ्याकाठची झाडं तोडली, सावली गेली, सावलीमागे आपली मुळीही गेली. मी रस्त्याकडेची, तिच्यासारखी दिसणारी उपटून आणली. पान तेच, फूल तेच, गुण परका.

शिंपीणबाई लेकीच्या तापासाठी त्यातल्याच चार मुळ्या घेऊन गेल्यात. फोन उचलत नाहीत, म्हणून मी धावत तिकडे निघाले आहे.

खरी मुळी आता खिडकीतल्या कुंडीत एकच उरली आहे. आई म्हणेल, तीच उकळून दे. देऊ नकोस. त्या रोपाने पहिल्यांदाच बी धरलंय.

काल कप रिकामा करून आई म्हणाली, "आज कडू नाही गं लागला, साखर घातलीस का?" आणि मी हसले रे.

ताई